हेइमाए: राखेतून उकरून काढलेलं गाव (आइसलँड)

कातळवाट

एल्डफेलच्या माथ्याजवळ गुडघे टेकून मी हाताने तांबडी खडी बाजूला सारली. वीतभर खोल गेल्यावर बोटांना ऊब लागली. ऑगस्टचा शेवट होता, अंगावर दोन स्वेटर आणि वर जर्किन, वारा धड उभं राहू देत नव्हता. हाताखालची जमीन मात्र चुलीतली लाकडं ओढून घेतल्यावर राख जशी कोमट राहते, तशी. हा डोंगर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा आहे. १९७३ च्या जानेवारीपर्यंत तिथे सपाट कुरण होतं.

माझं माहेर जुन्नरचं. शिवनेरी बघत लहानाची मोठी झाले. डोंगर आपल्या आधी होता आणि आपल्यानंतरही राहणार, हे मनात इतकं पक्कं बसलंय की आपल्याहून लहान डोंगरावर उभं राहिल्यावर काय वाटलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. म्हणून हा धागा काढलाय. लिहिता लिहिता सापडेल.

आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यासमोर वेस्टमानाएयार नावाचा बेटांचा पुंजका आहे. त्यातल्या हेइमाए या एकाच बेटावर गाव आहे, वस्ती चार हजारांच्या वर. रिकयाविकहून गाडीने साधारण दोन तासांवर लांडेयाहोफ्न हा धक्का, तिथून बोटीने ४० मिनिटं. बरेच जण सकाळी जाऊन संध्याकाळी परत फिरतात. आम्ही तिघं (मी, हे आणि कोपनहेगनला शिकणारी लेक) तीन रात्री राहिलो.

आधी त्या रात्रीबद्दल. २३ जानेवारी १९७३, पहाटे दोनच्या सुमारास गावाच्या पूर्वेला, शेवटच्या घरांपासून काहीशे मीटरवर जमीन फाटली. दीड किलोमीटरहून लांब भेग, आणि त्या भेगेतून एका ओळीत आगीची कारंजी. गावात तेव्हा ५,३०० च्या आसपास माणसं होती. आदल्या दिवशी वादळ झालं होतं, त्यामुळे मासेमारीला कोणी गेलं नव्हतं आणि सगळ्या होड्या बंदरात बांधलेल्या होत्या. त्या वादळामुळे गाव वाचलं. म्हातारीकोतारी, तान्ही बाळं, दवाखान्यातले पेशंट, सगळ्यांना होड्यांत घालून रातोरात मुख्य भूमीवर नेलं. हवा जरा निवळलेली होती. तरी जानेवारीतला उत्तर अटलांटिक आणि मच्छीच्या होड्यांत दाटीवाटीने बसलेली बायकामुलं, हे डोळ्यांसमोर आणून बघा.

पाच महिन्यांहून जास्त काळ उद्रेक चालू राहिला, ३ जुलैला थांबला. चारशेच्या आसपास घरं लाव्ह्याखाली आणि राखेखाली गेली. राखेच्या वजनाने छपरं खचत होती, म्हणून मागे राहिलेली माणसं छपरांवर चढून फावड्याने राख ओढत होती. डोंगराच्या बाजूच्या खिडक्यांवर पत्रे ठोकत होती, कारण तापलेले दगड काचा फोडून आत येऊन घराला आग लावत. एकाचा जीव गेला, विषारी वायूमुळे.

राखेखालचं एक घर उकरून त्याच्याभोवती एल्डहाइमार हे संग्रहालय बांधलंय, २०१४ पासून ते खुलं आहे. इमारतीच्या मधोमध ते घर तसंच ठेवलंय, भिंती कललेल्या, छप्पर बसलेलं. घरातली चीजवस्तू राखेत अर्धी रुतलेली. मी कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिले. ती एका बाईची रोजची जागा होती. रात्री झोपताना तिने सकाळच्या कामांचा विचार केला असेलच.

तिथून खाली लांडाकिर्क्या या जुन्या चर्चपाशी गेलो. कब्रस्तानाच्या दारावर पांढरी कमान आहे. उद्रेकात सगळं कब्रस्तान राखेत बुडालं आणि कमानीचा वरचा भाग तेवढा बाहेर राहिला. त्या कमानीवर बायबलमधलं वाक्य कोरलंय: मी जिवंत आहे आणि तुम्हीही जगाल. राखेतून डोकावणाऱ्या त्या अक्षरांचा फोटो तेव्हा जगभर छापून आला. आज कमानीखाली कापलेलं हिरवं गवत आहे. थडग्यांवर ताजी फुलं होती.

शेवटच्या दिवशी लाव्ह्यावरून चाललो. काळा, टोकदार, बूट फाडणारा दगड, त्यावर करडं शेवाळ, आणि मध्येमध्ये पाट्या. त्या पाट्यांवर खाली गाडल्या गेलेल्या रस्त्यांची आणि घरांची नावं आहेत. माणूस म्हणतो, इथे आमची गल्ली होती. ती गल्ली पायाखाली कित्येक मीटर खोल आहे, तरी तिचं नाव जागच्या जागी उभं आहे.

पफिन या समुद्रपक्ष्याच्या पिल्लांबद्दल वेगळं लिहीन, तो वेगळाच अनुभव होता. आत्ता एवढंच.

सोनटक्का

ताई, अंगावर काटा आला. पन्नास वर्षांनीही जमीन गरम आहे? आणि शाकाहारी माणसाचं तिथे कसं होतं तेही लिहा. आम्ही दोघंही पक्के शाकाहारी आहोत.

झिओलाइट

सोनटक्का, हो, गरम असते. दगड ही उष्णतेच्या बाबतीत फार चेंगट वस्तू. वरचा थर गार होतो आणि तोच आतल्या उष्णतेवर गोधडीसारखा बसतो. हेइमाएच्या लोकांनी याचा चांगला उपयोग करून घेतला. उद्रेकानंतर काही वर्षं त्यांनी लाव्ह्यात नळ घालून त्या उष्णतेवर गावातली घरं गरम ठेवली. काही जण गरम राखेत ब्रेडही भाजत.

कातळवाट ताईंना एक सांगतो. (आयुष्यभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, म्हणून राहवत नाही.) तुम्ही जुन्नरच्या, म्हणजे तुम्ही लाव्ह्यावरच वाढलात. सह्याद्रीचा काळा कातळ तोच, बेसॉल्ट. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून थरावर थर पसरत गेले. नाणेघाटातून समोरचा कडा बघाल तर आडवे पट्टे दिसतील, एकेक पट्टा म्हणजे एकेक लोट. दोन लोटांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीची रेघ दिसते. बऱ्याच ठिकाणी ती खालच्या लोटाची झिजलेली पाठ असते. एक लोट गार झाला, ऊनपाऊस खाऊन त्याची माती झाली आणि मग दुसरा लोट वरून आला.

हेइमाएचा दगड हातात घेतला असेल तर त्यात भोकं दिसली असतील. लाव्ह्यातल्या वायूचे ते बुडबुडे. आपल्या कातळातही ते होते. पण आपल्याकडे लाखो वर्षं पाणी झिरपत राहिलं आणि त्या पोकळ्यांत स्फटिक वाढले. स्टिल्बाइट, अपोफिलाइट. पुणे, नाशिक, जळगावच्या खाणीतले हे खडे जगभरच्या संग्रहालयांत आहेत. हेइमाएची भोकं अजून रिकामी आहेत. एवढाच फरक.

कातळवाट

सर, "भोकं अजून रिकामी आहेत" हे वाचून मी उठले आणि कपाटातला खडा काढून बघितला. (तिथून आणलेला नाही, तिथले दगड उचलू नयेत असं लेकीने बजावलं होतं. हा माहेरच्या शेतातला, लहानपणी सापडलेला.) त्याच्या आत पांढरे पाकळ्यांसारखे खडे आहेत. पन्नास वर्षं जवळ आहे आणि तो बुडबुडा होता हे आज कळलं.

सोनटक्का, खाण्याचं सांगते. स्कीर म्हणून घट्ट चक्क्यासारखा प्रकार सगळीकडे मिळतो. राईचा काळसर, गोडूस ब्रेड मिळतो. बटाटे, आणि भूगर्भातल्या उष्णतेवर चालणाऱ्या काचघरांतले टोमॅटो, काकड्या. आमच्या खोलीला ओटा होता. भाजणी आणि मेतकूट नेलं होतं. स्कीरमध्ये मेतकूट कालवून भाताबरोबर खाल्लं, फार छान लागतं. बाहेर जेवायचं तर गाव मच्छीचं आहे, शाकाहारी पदार्थ एखाददुसराच असतो. हे मासे खातात, त्यांनी मासा आणि बटाटा एकत्र कुस्करून केलेला प्लोकफिस्कुर दोनदा मागवला.

उत्तरवारा

मी सहा वर्षं रिकयाविकला आहे. धागा बघून खूप बरं वाटलं, हेइमाएवर मराठीत एवढं लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचतोय.

कातळवाट यांनी बंदराची गोष्ट लिहिलेली नाही, ती मी लिहितो. घरं जळत होती, पण खरी भीती होती बंदराची. लाव्हा बंदराच्या तोंडाकडे सरकत होता. तोंड बुजलं असतं तर परत येऊन उपयोग नव्हता, कारण गावाचं पोट मासेमारीवर. थोरब्योर्न सिगुरगेइर्सन या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलं की समुद्राचं पाणी मारून लाव्ह्याची कड गोठवू, म्हणजे मागून येणारा लाव्हा तिला अडेल. सुरुवातीला लोकांना हे वेडेपण वाटलं. आगीच्या बंबाच्या नळ्यांनी सुरुवात झाली, मग ताकदीचे पंप आले. तापलेल्या लाव्ह्यावर पाइप टाकत माणसं पुढे पुढे जात होती. महिनोन्‌महिने हे चाललं. बंदर वाचलं. नवा लाव्हा तोंडाशी भिंतीसारखा थांबला, त्यामुळे बंदर आता आधीपेक्षा जास्त आडोशाला आहे. बेटाचं क्षेत्रफळ ११.२ चौ. किमी. होतं, ते साडेतेराच्या आसपास गेलं. रस्त्यांवरून उपसलेली राख विमानाची धावपट्टी वाढवायला आणि नव्या घरांच्या भरावाला वापरली.

इथे हे सगळं जुनी गोष्ट म्हणून सांगत नाहीत. १० नोव्हेंबर २०२३ ला रेक्यानेस द्वीपकल्पावरचं ग्रिंदाविक गाव ज्वालामुखीच्या भीतीने एका रात्रीत रिकामं केलं, तेव्हा माझ्या ऑफिसात पहिलं नाव निघालं ते हेइमाएचं.

अजून एक. बेटावर मार्चमध्ये तलावात ६ किलोमीटर पोहण्याचा कार्यक्रम असतो. १९८४ च्या मार्चमध्ये बेटाजवळ एक मच्छीची बोट बुडाली. पाच जणांपैकी गुदलौगुर फ्रिद्थोर्सन हा २२ वर्षांचा तरुण ५-६ अंशांच्या पाण्यात पाच-सहा तास पोहून किनाऱ्याला लागला. तिथून अनवाणी, त्याच टोकदार लाव्ह्यावरून गावापर्यंत चालत आला. वाटेत मेंढ्यांच्या पाण्याच्या टबावरचा बर्फ फोडून पाणी प्यायला. बाकीचे चौघं गेले. त्याच्या नावाने, त्या चौघांच्या आठवणीत लोक पोहतात.

दख्खनी

लेखन उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण जाणाऱ्यांसाठी एक वेगळं मत मांडतो. आइसलँड आपल्यासाठी अत्यंत महाग देश आहे. शेंगेन व्हिसा, विमानं, गाडीभाडं, सगळं धरता बहुतेकांना हा प्रवास आयुष्यात एकदाच जमतो. अशा वेळी आठ-नऊ दिवसांतले तीन एका छोट्या बेटावर घालवले तर योकुलसार्लोनची हिमनगांची खाडी, उत्तरेकडचा भाग, हे राहून जाणार. आम्ही रिंग रोड (देशाला वळसा घालणारा रस्ता) केला, रोज नवीन काहीतरी बघितलं, आणि त्याचा मला जराही पश्चात्ताप नाही. हेइमाए दिवसभरात बघून होतं असं माझं मत आहे.

कातळवाट

दख्खनी, तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि नाहीही. पैशाची गोष्ट शंभर टक्के खरी. आम्ही या प्रवासासाठी तीन वर्षं पैसे बाजूला टाकले.

पण दिवसभरात परतणाऱ्याला काय दिसतं? डोंगर, संग्रहालय, पफिनचा कडा. ते सुंदरच आहे. तिसऱ्या दिवशी मला जे दिसलं ते त्यात बसत नाही. संध्याकाळी आम्ही गावच्या पोहण्याच्या तलावावर गेलो. आइसलँडमध्ये गावोगावी गरम पाण्याचा तलाव असतो, बाजूला गरम पाण्याचे हौद. आधी साबण लावून, कपडे काढून स्वच्छ आंघोळ करायची, मगच पाण्यात उतरायचं. हा नियम कडक आहे, पहिल्या दिवशी मला फार संकोच वाटला. हौदात एक पंचाहत्तरीच्या आजी बसायच्या. दोन दिवस नुसतं हसणं झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी इंग्रजीत विचारलं, कुठून आलात. मग आपणहून सांगायला लागल्या. त्या रात्री त्या पंचविशीच्या होत्या, कडेवर मुलगा. नवरा बेटावर राख उपसायला थांबला आणि त्या रिकयाविकला नातेवाइकांकडे. दीड वर्षाने परतल्या. मी विचारलं, भीती नाही वाटली? त्या म्हणाल्या, घरी यायचं होतं. आणि पाण्यातून हात वर काढून त्यांनी डोंगराकडे बोट दाखवलं, शेजारच्या घराकडे दाखवतात तसं.

ही आजी मला दिवसभराच्या फेरीत भेटली नसती. तुमचा रिंग रोड चुकला असं मी मुळीच म्हणत नाही. ज्यांना तो करायचाय त्यांनी निदान एक रात्र बेटावर काढावी. सेल्यालांड्सफॉसचा धबधबा बघायला सगळेच जातात, बोटीचा धक्का तिथून जवळच आहे.

भीमाकाठ

तुम्ही पाट्यांबद्दल लिहिलंत आणि मला पुढचं वाचवेना. थोड्या वेळाने परत आले.

आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. मी तेव्हा पाच वर्षांची. ज्या उन्हाळ्यात पाणी फार खाली जातं, त्या वर्षी पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि माणसं होडीतून बघायला जातात. दादा (माझे वडील) काठावर उभे राहून हाताने दाखवायचे. ही आपली वेस, ही चावडी, तिथे चिंच, चिंचेमागे आपलं घर. पाणीच पाणी असायचं समोर. आम्ही भावंडं कंटाळायचो. दादा गेले. आता मी माझ्या मुलाला दाखवायला गेले, तर मला चिंच कुठे होती ते नक्की सांगता येईना.

पाट्या लावायची कल्पना किती मोठी आहे हे तुमच्या लक्षात आलंय म्हणून तुम्ही ते लिहिलंत. हेइमाएच्या लोकांना परतायला जमीन उरली. आमच्यासारख्यांना निदान पाट्या हव्या होत्या.

कातळवाट

भीमाकाठ, काय लिहू. दादांनी दाखवलेलं जेवढं आठवतंय तेवढं कागदावर काढून ठेवा. भावंडांना बसवा, प्रत्येकाला थोडं थोडं आठवेल. चिंच कोणाला तरी आठवेल.

खाडीवरचा

बोटीबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडे खाडीच्या तोंडाशी वाळू भरते, भरती बघूनच होडी आत घ्यावी लागते. लांडेयाहोफ्नलाही वाळूचा त्रास आहे असं ऐकलं. मग हिवाळ्यात कसं जायचं?

उत्तरवारा

बरोबर ऐकलंत. धक्का २०१० मध्ये सुरू झाला. हिमनद्यांच्या पाण्याबरोबर येणारी काळी वाळू आणि दक्षिणेकडून सरळ आदळणाऱ्या लाटा, यामुळे गाळ सतत उपसावा लागतो. हिवाळ्यात लाटा मोठ्या असल्या की बोट थोर्लाक्सहोफ्नहून सुटते, मग ४० मिनिटांऐवजी पावणेतीन तास आणि पोटाची परीक्षा. सकाळी निघताना कुठून सुटणार ते बघूनच गाडी वळवावी. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहू नये, किमान एक दिवस हातात ठेवावा.

चैत्रपालवी

पफिनच्या पिल्लांचं लिहिणार होतात ना? माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, पक्ष्यांची वेडी. रोज विचारते, "त्या मावशींनी लिहिलं का?"

कातळवाट

तिला वाचून दाखव.

पफिन समुद्रातच राहणारा पक्षी. एप्रिलमध्ये जमिनीवर येतो ते फक्त अंडं घालायला. कड्यावरच्या गवतात बीळ करतो आणि एकच अंडं घालतो. वेस्टमानाएयारची वसाहत जगातल्या सगळ्यात मोठ्या वसाहतींपैकी आहे. पिल्लाला तिथे पिस्या म्हणतात. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमध्ये, पिल्लू मोठं झालं की रात्री एकटं बिळातून निघतं. समुद्रावरच्या उजेडाकडे झेपावायचं एवढं त्याला ठाऊक असतं. पण गावाचे दिवेही चमकतात. मग फसून ते रस्त्यावर, अंगणात, बंदरात उतरतं, आणि सपाट जमिनीवरून त्याला परत उडता येत नाही. मांजरं असतात, गाड्या असतात.

म्हणून त्या दिवसांत गावातली मुलं रात्री उशिरापर्यंत जागतात. हातात टॉर्च आणि पुठ्ठ्याचा खोका. आईबाप हळूहळू गाडी चालवतात, मुलं खिडकीतून बघतात. आमच्या घरमालकीणबाईंनी आम्हालाही नेलं. रात्री साडेअकरा वाजता बंदरावर, मच्छीच्या पेट्यांच्या मागे, त्यांच्या आठ वर्षांच्या नातवाला एक दिसलं. पळून कोपऱ्यात गेलं. त्याने गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ते अलगद धरलं. राखाडी तोंड, काळी पाठ, चोच अजून काळपट, मोठ्यांसारखी रंगीत नाही. मुठीत धडधड जाणवत होती, कारण थोडा वेळ त्याने ते माझ्या हातात दिलं. मानेवर एक राखाडी पिसाचा मऊ झुबका उरला होता.

रात्रभर ते खोक्यात अंधारात राहिलं. सकाळी वजन करून घेतात, त्या नोंदी शास्त्रज्ञांच्या कामाला येतात. मग कड्यावर. नातवाने त्याला दोन्ही हातांत धरून पायांमधून मागे नेलं आणि एकदम वर, समोर सोडलं. ते आधी दगडासारखं खाली गेलं. माझा श्वास अडकला. मग पंख लागले, आणि पाण्यालगत सरळ समुद्राकडे. मुलगा हात हलवत राहिला, पिल्लू दिसेनासं झालं तरी.

सोनटक्का

पण तिथे पफिन खातातही ना?

कातळवाट

हो, पूर्वापार खात आलेत. लांब दांड्याच्या जाळ्याने कड्यावर पकडतात. संख्या घटल्यामुळे आता पकडण्याचे दिवस फार थोडे ठेवलेत. मला ते विचित्र वाटलं का? पहिल्यांदा वाटलं. पण त्या बेटावर शतकानुशतकं जे मिळेल त्यावर माणसं जगली, आणि आज त्यांचीच नातवंडं रात्री खोके घेऊन फिरतात. दोन्ही खरं आहे.

चैत्रपालवी

वाचून दाखवलं. तिने तीनदा वाचायला लावलं, आणि आता खोका भारतातून न्यायचा का असं विचारतेय.

कातळवाट

नको गं. तिथल्या किराणा दुकानात रिकामे खोके मागितले की देतात. मध्यम आकाराचा घ्या, आणि झाकणाला पेन्सिलीने तीन-चार भोकं पाडायची. हातमोजे मात्र तिचे इथूनच न्या, पातळ, बोटं नीट वळतील असे.